करंजखोऱ्याचा एकुलता एक गोल

आमचं संस्थान साडेतीन गावांचं होतं. हे सांगितलं की नातवंडं आधी हसतात आणि मग विचारतात, "आजी, अर्धं गाव म्हणजे काय गं?" अर्धं गाव म्हणजे ओढेवाडी. गावाच्या मधून ओढा वाहायचा. अलीकडची ओढेवाडी करंजखोरे संस्थानात आणि पलीकडची इंग्रजांच्या राज्यात. मारुतीचं देऊळ आमच्या बाजूला आणि विहीर साहेबाच्या बाजूला, त्यामुळे आमचा मारुती रोज परदेशी पाण्याने आंघोळ करायचा.

वडगावापासून बैलगाडीने अर्धा दिवस आत, डोंगराच्या कुशीत हे राज्य होतं. माझे वडील माधवराव तिथे कारभारी. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. कारभारी म्हणजे दिवाण, न्यायाधीश, शाळा तपासणारे आणि सरकारांचा चष्मा हरवला तर तो शोधणारेही तेच. सरकार म्हणजे श्रीमंत हैबतराव. उंचीने बेताचे, मिशीने मोठे आणि मनाने त्याहून मोठे. फौज चार पहारेकऱ्यांची. तोफ एक होती, तीत साळुंकीने घरटं केलं होतं, म्हणून दसऱ्याला सरकार स्वतः "धडाम!" म्हणायचे आणि पहारेकरी सलामी द्यायचे.

सगळं सुखात चाललं होतं. मग तेहेतीस सालच्या उन्हाळ्यात सरकार हवा खायला लोणावळ्याला गेले. तिथे घाटाखालच्या एका संस्थानिकांनी चहा पिताना त्यांना सहज विचारलं, "आमची हॉकीची टीम आहे, क्रिकेटची आहे. तुमच्या राज्याची कुठली?"

सरकारांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "सगळ्याच आहेत."

घरी येऊन त्यांनी अण्णांना बोलावलं. "माधवराव, पुढच्या वर्षी लोणावळ्याला लहान संस्थानांचा खेळांचा आठवडा ठरलाय. आपल्या राष्ट्रीय टीमा तयार करा."

"किती, सरकार?"

"क्रिकेट, हॉकी, फुटबॉल. टेनिसचं नंतर बघू."

अण्णांनी साडेतीन गावं पालथी घातली. धडधाकट, तरुण आणि ज्यांची म्हैस त्या आठवड्यात व्यायची नव्हती असे पुरुष अकराच निघाले. तेव्हा ठरलं की तिन्ही टीमा त्याच अकरा जणांच्या. क्रिकेटच्या वेळी त्यांनी पांढरं मुंडासं बांधायचं, हॉकीला तांबडं आणि फुटबॉलला जांभळं. म्हणजे पाहणाऱ्याला वाटेल की तेहेतीस खेळाडू आहेत.

क्रिकेट पंधरवड्यात बुडालं. एक टोला ओढ्यापलीकडे गेला आणि तिथल्या पोलीसपाटलाने चेंडू उचलून कनवटीला लावला. "वस्तू परराज्यातून आलीय," तो म्हणाला, "साहेबाला इचारल्याबिगर देता येत न्हाई." साहेब शिकारीला गेला होता. हॉकी त्याहून लवकर बुडाली. त्या काठ्यांना शेवटी असा सुरेख बाक होता की उंच फांदीवरची करवंदं आणि आंबे ओढायला त्यासारखं दुसरं काही नव्हतं. एकेक करून सगळ्या काठ्या बायकांनी नेल्या. उरलं फुटबॉल.

फुटबॉलचं नियमांचं पुस्तक इंग्रजी होतं. मी तेव्हा पंधरा वर्षांची, पुण्याला मावशीकडे राहून इंग्रजी शिकत असे आणि सुटीत घरी आलेली. म्हणून नियम वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी खळ्यावर अकरा बाप्ये ओळीने उकिडवे बसायचे आणि मी बाजेवर बसून सांगायची. हाताने चेंडू धरायचा नाही, हे त्यांना पटलं. पण ऑफसाइड काही केल्या कळेना. शेवटी पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी म्हटलं, "हे बघा, पलीकडच्यांचं घर म्हणजे सासुरवाडी समजा. चेंडू म्हणजे तिकडचं बोलावणं. बोलावणं यायच्या आधी जाऊन बसायचं नाही."

"आत्ता समजलं!" सगळे म्हणाले. टीमचा म्होरक्या गेणू तेवढा मान खाली घालून गवताची काडी मोडत राहिला. त्याचं कारण पुढे येईलच.

गेणू हा सरकारांच्या चार पहारेकऱ्यांतला एक. अंगाने सडपातळ, पळायला हरणासारखा. फुटबॉल त्याच्या असा काही डोक्यात शिरला की विचारू नका. आमच्याकडे सपाट जमीन अशी नव्हतीच, भाताची खाचरं होती, पायऱ्यापायऱ्यांची. टीम त्या खाचरांतच खेळायची. चेंडू घेऊन पळायचं, बांध आला की टुणकन उडी मारायची, परत पळायचं. गेणू बांधावरून चेंडूसकट उडायचा ते पाहायला गाव जमत असे.

आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे सुरुवातीला कुणाचं लक्ष गेलं नाही. आपल्याकडे दुसऱ्याला पाय लागला की आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं ते. आता फुटबॉलमध्ये पाय लागतोच. तर आमच्या टीममध्ये पाय लागला, की लावणारा थांबायचा, वाकायचा, समोरच्याच्या खांद्याला हात लावून तो हात आपल्या छातीला लावायचा आणि मग चेंडू कुठे गेला ते बघायचा. अण्णांनी सरकारांच्या कानावर घातलं.

सरकारांनी मला विचारलं, "पुस्तकात नमस्काराला मनाई आहे का?"

"नाही."

"मग करू द्या. राज्याची इभ्रत आहे ती."

पोशाख महिपती शिंप्याने शिवला. कापड आणायला वेळ नव्हता, म्हणून सरकारांनी दिवाणखान्याचे जुने पडदे दिले. जांभळ्या फुलांचे. त्या फुलाफुलांच्या अर्ध्या चड्ड्या घालून अकरा मिशाळ गडी पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका हसता हसता पाण्यात बसल्या त्या उठेचनात.

त्यांत एक हसली नाही. ती गेणूची बायको, बयाबाई.

बयाचं माहेर पळसखिंडीचं. पळसखिंड म्हणजे शेजारचं संस्थान, सात गावांचं, म्हणून आमच्यापेक्षा दुप्पट गर्विष्ठ. बया कामाला वाघीण. त्या वर्षी फाल्गुनात राब भाजायची वेळ आली, रोपांच्या जागेवर पाला न् शेणी पसरून जाळायच्या, तेव्हा गेणू लाथा मारत होता आणि बयाने एकटीने सगळा राब भाजला. तरी ती गप्प राहिली. पण तुपाचं तिला सोसलं नाही.

तिच्या धाकट्या भावाचं, हौशीरामाचं, लग्न ठरलं होतं. त्या लग्नात आहेर म्हणून न्यायला तिने सबंध हिवाळाभर म्हशीचं तूप साठवून गाडगं भरलं होतं. इकडे सरकारांनी फर्मान काढलं, की राष्ट्रीय चेंडूचं कातडं मऊ राहिलं पाहिजे, म्होरक्याने त्याची काळजी घ्यावी. गेणूने काळजी घेतली. रोज थोडं थोडं तूप चेंडूला चोळलं. लग्नाला निघायच्या दिवशी बयाने गाडग्यात हात घातला तर हात तळाला लागला. कोपऱ्यात चेंडू मात्र नव्या नवऱ्यासारखा तुकतुकीत बसलेला.

ती काही ओरडली नाही म्हणे. रिकामं गाडगं चेंडूशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "संसार करा दोघं." आणि एकटीच माहेरी गेली. गेणू लग्नालाही गेला नाही, कारण सराव होता. लग्नात पोळीवर तूप पडलं नाही. हौशीराम ते कधी विसरला नाही.

शिमग्यानंतर गेणू तिला आणायला गेला. सासऱ्याने, भिमाजीने, पाणी दिलं, घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "पोरीला इचारतो." आत गेला, बाहेर आला. "ती म्हनती, चेंडूला इचारा." गेणू तसाच परत आला. त्यानंतर सासुरवाडीहून बोलावणं नाही, आणि बोलावल्याशिवाय परत कोणत्या तोंडाने जाणार? मग निरोप आला की अधिक महिना सरला की भिमाजी पंच बसवणार आणि लेकीची सोयरीक मोडून घेणार. अधिकात असलं काही करत नाहीत, म्हणून तेवढी मुदत. त्या वर्षी अधिक वैशाख होता. आणि लोणावळ्याचा खेळांचा आठवडाही नेमका त्याच महिन्याच्या शेवटी.

आम्ही वडगावपर्यंत बैलगाड्यांतून आणि तिथून आगगाडीने लोणावळ्याला गेलो. मी, आई, अण्णा, सरकार, अकरा खेळाडू, झेंडा आणि चेंडू. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो. रेल्वेच्या मैदानावर तंबू लागले होते, प्रत्येक तंबूपुढे त्या त्या राज्याचा झेंडा. आमच्या झेंड्यावर करंजाचं पान होतं. आईने ते भरतकामाने काढलं होतं, पण जमलेले लोक "हे वांगं कुणाचं?" असं विचारत होते.

खेळाआधी प्रत्येक टीमने आपलं राष्ट्रगीत म्हणायचं होतं. आमच्याकडे नव्हतं. अण्णांनी खूण केली आणि अकरा जणांनी टाळ्या वाजवत गणपतीची आरती म्हटली. मैदानावरचे सगळे उभे राहिले. आरती संपल्यावर समोर यजमान म्हणून उतरलेल्या रेल्वेच्या टीममधला एकजण पुढे येऊन विचारू लागला, "प्रसाद?"

त्या रेल्वेच्या टीमने आमच्यावर नऊ गोल केले. एकतर आमच्या लोकांना सपाट जमिनीवर पळायची सवयच नव्हती. ठरावीक अंतर पळलं की बांध आला असं समजून ते उडी मारायचे, आणि चेंडू खालून निघून जायचा. त्यात नमस्कार. रेल्वेचे इंजिनवाले दणकट, त्यांना पायांची पर्वा नव्हती, आणि आमचा गडी वाकला की तेवढ्यात गोल. आमचा गोली रखमाजी वयाने मोठा होता. प्रत्येक गोलनंतर तो म्हणायचा, "आसू द्या, तरणी पोरं हायत."

दुसऱ्या दिवशी घाटाखालच्यांनी सात केले. आम्ही एकही नाही. संध्याकाळी बातमी आली की ज्या राज्याला सबंध आठवड्यात एकही गोल करता येणार नाही, त्याला पुढच्या वर्षी बोलावणं नाही, तंबू नाही, झेंडा नाही. शेवटच्या नंबरासाठी सामना उरला होता. करंजखोरे विरुद्ध पळसखिंड.

सरकारांनी टीमला समोर उभं केलं. स्वतःच्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून वर धरलं. "एक गोल. फक्त एक. जो करील त्याचं हे कडं. गेणू, लक्ष तुझ्याकडे आहे."

"व्हय सरकार," गेणू म्हणाला. पण त्याचे डोळे पळसखिंडीच्या तंबूकडे होते. तिथे बयाबाई आपल्या आईबरोबर, नंदाबाईबरोबर, बसून तांदूळ निवडत होती. बाप आणि भाऊ टीममध्ये, म्हणून त्यांच्या जेवणाचं पाहायला मायलेकी आल्या होत्या.

रखमाजी आणि गेणू धर्मशाळेच्या ओट्यावर बोलत होते ते मी ऐकलं.

"गेण्या, त्यांचा गोली कोन हाय ठावं हाय का?"

"व्हय. मामा." मामा म्हणजे सासरे, भिमाजी.

"सासऱ्याच्या अंगावर चेंडू मारनार?"

"मारावा लागंल."

"आन् बया?"

गेणूने ओट्यावरचा खडा उचलून दूर फेकला. मग म्हणाला, "आबा, सरकारला एक गोल पायजे. मला बी येकच पायजे. पन ती कुनी कड्यात देत न्हाई."

सामन्याच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. पंच होते डिकोस्टा, रेल्वेतले गार्ड. हिरवी-तांबडी निशाणं ते खिशातच ठेवून आले होते. त्यांना पाच वाजता मालगाडी घेऊन घाट उतरायचा होता, म्हणून घड्याळाकडे त्यांचं चेंडूपेक्षा जास्त लक्ष.

पळसखिंडीचे लोकही आमच्यासारखेच खाचरांतले. त्यामुळे तो सामना पाहण्यासारखा झाला. दोन्हीकडचे ठरावीक अंतरावर उड्या मारत होते. आणि पाय लागला की दोघंही थांबून एकमेकांना नमस्कार करत होते. "तुमी वडील, तुमी आधी." "न्हाई न्हाई, पाय माझा लागला." चेंडू बिचारा एकटाच बाजूला उभा. डिकोस्टा कपाळाला हात लावून ओरडत होते, "प्ले ऑन! अरे, प्ले ऑन, बाबांनो!"

गोलात भिमाजी उभा होता. पोट चांगलं सुटलेलं, आणि त्यामुळे दोन खांबांमधली बरीच जागा आपोआप भरलेली. पळसखिंडीने त्याला त्याचसाठी घेतलं होतं.

अर्धा खेळ झाला, कुणाचाच गोल नाही. मग एकदा चेंडू गेणूच्या पायाशी आला आणि तो जो सुटला तो सुटलाच. दोन उड्या मारल्या, तिघांना चुकवलं, एकाला नमस्कारसुद्धा पळता पळताच केला. समोर फक्त भिमाजी. सरकार खुर्चीवर चढून उभे राहिले. "मार! मार!"

भिमाजीने समोर पाहिलं. अधिक महिना, आणि जावई धावत दाराशी आलेला. या महिन्यात जावयाला विष्णू मानतात, त्याला जेवायला घालतात, वाण देतात. भिमाजीच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, "या, या जावईबापू. बसा."

गेणूने मारलाच होता चेंडू. तो भिमाजीच्या पोटावर आपटला आणि टप्पा खाऊन बाजूला पडला. आणि गेणू? सासऱ्याला आपला मार लागला म्हणून तो जागच्या जागी वाकला आणि दोन्ही हातांनी त्याच्या पायाला शिवला.

मागून हौशीराम धावत आला. चेंडू घ्यायचं सोडून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, कारण कोरड्या पोळ्यांचा राग त्याने इतके दिवस साठवला होता. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "काय दाजी, बायकू संबाळता आली न्हाई, चेंडू काय संबाळनार?"

गेणूने त्याच्याकडे पाहिलं. सासऱ्याकडे पाहिलं. आणि मैदानाच्या मधोमध नाही, अगदी गोलासमोर, मांडी घालून खाली बसला. हातांची घडी घातली. तोंड फिरवलं.

मैदानावर सगळे जागच्या जागी थांबले. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "जावई रुसला."

हे ज्याने पाहिलेलं नाही त्याला कळणार नाही. आमच्याकडे जावई रुसला की जेवणावळ थांबते, वरात थांबते, वाजंत्री थांबतात. तो उठेपर्यंत कुणी घास घेत नाही. इथे फुटबॉल थांबलं. एकवीस खेळाडू गेणूभोवती जमा झाले. दोन्ही टीमा. भिमाजी गोल सोडून पुढे आला आणि जावयासमोर उकिडवा बसला. रखमाजी आमचा गोल सोडून सबंध मैदान चालत आला, मध्यस्थीला वडीलधारं माणूस लागतं म्हणून.

डिकोस्टा अण्णांपाशी धावत आले. "काय झालं याला? पाय मोडला?"

"नाही. जावई रुसलाय."

"कितक्या वेळाचं असतंय हे?"

"उठेपर्यंत," अण्णा म्हणाले.

डिकोस्टांनी घड्याळ पाहिलं. पुस्तकात याच्यावर काही नव्हतं, ते मला पाठ होतं. शिट्टी वाजवावी असंही काही घडलं नव्हतं. ते नुसतेच ओरडले, "प्ले ऑन!" आणि गवतावर बसून विडी पेटवली.

भिमाजी म्हणाला, "जावईबापू, पोर अडानी हाय, बोलून गेलं. सोडा. काय पायजे ते मागा. धोतरजोडी देतो."

गेणूने मान हलवली.

"फेटा? जरीचा?"

मान.

"बरं, तांबडा खोंड न्या. आवंदा औताला येतोय."

खोंडालाही मान हलली तेव्हा पळसखिंडीच्या लोकांत कुजबूज झाली. खोंड खरंच चांगला होता.

तेवढ्यात सरकारांच्या ध्यानात आलं. जावयाने अधिकात मागितलं तर सासरा नाही म्हणू शकत नाही. चेंडू गोलापासून चार हातांवर पडलेला. गोलात कुणी नाही. ते खुर्चीवरून ओरडले, "गेणू! गोल माग! गोल माग!"

सगळे गेणूकडे बघायला लागले. भिमाजीचा चेहरा उजळला. "घ्या की!" तो म्हणाला. "गोलाचं काय येवढं? येक काय, दोन घ्या."

"आबा!" हौशीराम किंचाळला. "आपलं राज्य हाय ते!"

"तू गप. लेकीच्या संसाराम्होरं राज्य कुटलं काढतोस?"

सरकारांनी कडं उंच धरलं होतं, ते उन्हात चमकत होतं. गेणूने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग चेंडूकडे. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "गोल नगं."

"मंग काय पायजे?"

"बया द्या."

खुर्चीवर सरकार हळूहळू खाली बसले. भिमाजीने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "त्येवढं माझ्या हातात न्हाई, जावईबापू. ती तिच्या हातात हाय."

मग सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. गोलामागे दोरी बांधली होती, तिच्या पलीकडे बया उभी होती, डोक्यावर पदर, कमरेवर हात. शेजारी नंदाबाई, हातात पुरणाच्या धोंड्यांची परात, फडक्याने झाकलेली. महिना सरत आला आणि जावयाला वाण गेलं नाही, हे त्या माउलीच्या जिवाला लागलं होतं. लेक काही म्हणो, तिने पहाटेच उठून धोंडे केले होते.

बयाने तिथूनच विचारलं, "तूप कुनाचं व्हतं?"

गेणू बसल्या जागेवरून म्हणाला, "तुजं."

"राब कुनी भाजला?"

"तू."

"माझ्या भावाच्या लग्नात कोन आलं न्हाई?"

"मी."

"चेंडू कुटं ऱ्हाईल?"

गेणूला क्षणभर अवघड गेलं. "सरकारच्या तबेल्यात."

"आन् तुमी?"

"घरी."

"पेरनीला?"

"घरी."

"लावनीला?"

"घरी, बाई, घरी. आता किती इचारशील लोकांत!"

बया पुढे झाली. दोरी वर उचलली आणि तिच्याखालून आली. मागून नंदाबाई परात सांभाळत. बया दोन खांबांच्या बाजूने मैदानात शिरली आणि सरळ नवऱ्याकडे निघाली. वाटेत चेंडू होता.

ती थांबली. त्या चेंडूकडे तिने जसं पाहिलं तसं मी कुणाला कशाकडे पाहताना पाहिलेलं नाही. एवढे दिवस होऊनही त्याची कातडी तुकतुकीत होती. तिने नऊवारीचा ओचा जरा वर खोचला, चेंडूला वळसा घालून खांबांकडे तोंड केलं, एक पाऊल मागे घेतलं, आणि अशी सणसणीत लाथ घातली की चेंडू दोन खांबांच्या मधून, दोरीवरून, थेट पळसखिंडीच्या तंबूत चुलीवरच्या भाताच्या हंड्याला जाऊन लागला.

आणि मग, चेंडूला पाय लागला म्हणून, ती जिथे चेंडू होता त्या जागेला वाकून हात लावून पाया पडली.

सगळे तंबूकडे बघत राहिले. पहिले भानावर आले ते अण्णा. "गोल!" ते म्हणाले. कारभाऱ्याचा आवाज होता तो.

"कसला गोल?" हौशीराम धावून आला. "ती तुमच्या टीममदी हाय व्हय?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "हौशीराम, ही कोण? करंजखोऱ्याची सून ना? मग गोल करंजखोऱ्याने केला."

"न्हाई! आजून ती आमची लेक हाय. नांदायला कुटं गेलीय?"

"बरं, तुमची लेक. म्हणजे पळसखिंडीने आपल्याच गोलात चेंडू घातला. तोही पुस्तकाप्रमाणे आमचाच गोल. खरं ना गं?" त्यांनी मला विचारलं.

मी मान डोलावली. पुस्तकात तेवढं होतं. खेळाडू बाई असावी की नसावी याबद्दल त्यात काही नव्हतं, पण ते मला कुणी विचारलं नाही.

डिकोस्टांनी विडी विझवली, घड्याळ पाहिलं. मालगाडी त्यांची वाट बघत होती. त्यांनी एक लांबलचक शिट्टी वाजवली, हिरवं निशाण खिशातून काढून हलवलं आणि म्हणाले, "गोल. मॅच फिनिश. मी चाललो."

सरकार नाचत होते. मी राजाला नाचताना त्याआधी पाहिलं नव्हतं. वांग्याचा, म्हणजे करंजाच्या पानाचा झेंडा घेऊन ते तंबूला दोन फेऱ्या मारून आले आणि कबूल केल्याप्रमाणे कडं बयाच्या हातात घालायला गेले. ते तिच्या मनगटात शिरेना, राबणारा हात होता तो. मग तिने ते कनवटीला लावलं. नंदाबाईने तिथेच, गोलासमोर, जावयाला पाटाऐवजी सरकारांच्या खुर्चीची उशी देऊन बसवलं आणि वाण दिलं. धोंडे दोन्ही टीमांना पुरले. हौशीरामाने पहिला खाल्ला, थांबला, आणि विचारलं, "आये, तूप न्हाई का?"

संध्याकाळी आम्ही स्टेशनवर निघालो. गेणू पुढे, डोक्यावर बयाचं गाठोडं. बया त्याच्या मागे, परात काखेत. चेंडू पळसखिंडीच्या तंबूबाहेर भाताने माखून पडला होता. गेणूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हणजे पाहिलं, पण मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी. तेवढं बायकोला पुरतं.

"ऱ्हाऊ द्या तितंच," बया म्हणाली.

"मी कुटं काय म्हनलं?"

दोघं थोडं पुढे गेली. मी त्यांच्या मागेच होते. फाटकापाशी बया थबकली. एकदा मागे बघितलं, एकदा नवऱ्याच्या पाठीकडे. मग तरातरा मागे गेली, पदराने चेंडूवरचा भात पुसला आणि परातीत ठेवून घेऊन आली.

गेणू आ वासून बघत राहिला.

"असं काय बघता?" ती म्हणाली. "गाडगंभर तूप हाय माझं त्याच्यात. असंच टाकून जायचं व्हय?"